उरलेला जोडा

म्हसावद
शुक्रवार, ता. ५ फेब्रुवारी १९६५

तीर्थरूप दादांच्या चरणी वत्सलाचा नमस्कार.

अकरा वर्षांनी धाकट्या भावजयीचं अक्षर तुमच्या घरात आलं म्हणून दचकू नका. मला वाटणी नको, शेत नको, भांडीकुंडी नकोत. ते सगळं तुम्हाला लखलाभ.

पत्र रंजना वाचून दाखवत असेल. रंजना, सातवीपर्यंत तू माझ्या वर्गात होतीस आणि तुझी कविता शाळेच्या फाटकापर्यंत ऐकू जायची. आता त्यांची सून झालीस, डोक्यावर पदर आला, म्हणून आवाज बारीक करू नकोस. दादांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं. शिवाय सकाळच्या चहाला ओसरीवर चार माणसं बसलेली असतातच, त्यांनाही कळू दे वत्सलाकाकी कशी आहे ती.

मी बरी आहे. शाळेतून रजा काढली आहे. शिवरात्रीच्या आधी तोरणमाळला जाणार, गडाचे जुने पडके अवशेष बघणार. मुलींना इतिहासात आपल्या सातपुड्याबद्दल चार ओळी शिकवते, पण स्वतः कधी वर गेले नाही. आपल्या घरात बायकांनी वर जायची पद्धत नव्हती. भिला नावाचा वरचाच पावरा आदिवासी वाटाड्या ठरवला आहे. वाटेत मुक्काम करत, सावकाश चढायचं आहे.

रंजना, तू त्या घरात नवी आहेस, म्हणून आपल्या गावची रीत सांगते. शिवरात्रीला गावचे पुरुष तोरणमाळला निघतात. घाट सुरू होतो तिथे आंब्याखाली सगळे आपापला जोडा काढून ठेवतात. देवाच्या गडावर पायताण चालत नाही. जोड्यांचा ढीग होतो, तेव्हा आपला कुठला ते ओळखू यावं म्हणून प्रत्येकाची बायको जोड्याला आपल्या लुगड्याची चिंधी बांधून देते. उतरताना जो तो आपला जोडा पायात घालतो. एखादा उरला, तर समजायचं की माणूस अजून वर आहे. मग मोरक्याने डोंगराकडे तोंड करून त्याच्या नावाने हाक मारायची. ओ आली तर ठीक, नाही आली तर चार जणांनी पुन्हा वर चढायचं. तो माणूस सापडेपर्यंत बाकी सगळे अनवाणी उभे राहतात, मग काटे असोत की दगड.

मोरक्या तुझे सासरे. हातात देवाची काठी त्यांच्याच असते. वीस वर्षं गाव त्यांच्यामागे निर्धास्त चढतं आणि उतरतं.

अकरा वर्षांपूर्वी ढिगात एकही जोडा उरला नव्हता. आणि तरी माझे यजमान घरी आले नाहीत. दादा म्हणाले, तो पुढेच उतरला, जोडा घालून खेतियाकडे गेला, तिकडे त्याची कोणी बाई होती. जोडा नाही म्हटल्यावर पुढे कोण काय बोलणार? गावाने मान डोलावली. कापूस वेचून झाल्यावर दादांनी मला गाडीत घालून इथे माहेरी सोडलं आणि माझ्या वडिलांना सांगितलं, "आते आमना इलाज नही." वडिलांनी मान खाली घातली, ती मरेपर्यंत वर केली नाही.

असो. वाटेतून लिहीत राहीन.

आपली,
वत्सला


म्हसावद
शनिवार, ता. १३ फेब्रुवारी १९६५

दादांस नमस्कार.

तुमचं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. पण रंजना वाचत राहिली असणार, कारण पोस्टमन सांगत होता, तुमच्या ओसरीवर हल्ली गर्दी वाढली आहे.

आज एक गंमत सांगते. दिवाळीनंतर मी मुलींची सहल तापीकाठच्या प्रकाशा तीर्थाला नेली होती. तापी ओलांडायला उखा नावाड्याची नाव केली. म्हातारा बडबड्या. सगळ्यांची गावं विचारून झाली, मग मला म्हणाला, "बाई, तुम्हनं सासर कोनतं?" मी गावाचं नाव सांगितलं.

"म्हंजे नवलसिंगभाऊना गावना! तो लई मयाळू मानूस शे. भाऊना दहावा करताना पोरना गत रडना."

मी विचारलं, कोणाच्या भावाचा?

"त्यानाच. धाकला भाऊ. तोरणमाळना जत्रानंतर. मीच त्याले नावमा बसाडीसन पलीकडे वाळूवर लई गया व्हतू. म्हने, घाटवर वळखना लोके शेतस."

दादा, तुम्हाला भाऊ एकच. तो तुमच्या सांगण्याप्रमाणे खेतियाला बाई घेऊन मजेत राहत होता. मग दहाव्या दिवशी तापीच्या वाळूत तुम्ही पिंड कोणाचा ठेवलात? जिवंत माणसाचा? आपल्याकडे दुश्मनसुद्धा जिवंत माणसाचा पिंड घालत नाही. घाबरलात. भाऊ भूत होऊन मानगुटीवर बसेल म्हणून घाबरलात, आणि गुपचूप त्याला वाटेला लावायला गेलात. चोरी पचवायची होती तर धर्म सोडायचा होता. तुम्हाला दोन्ही हवं होतं.

उखा पुढे सांगत गेला आणि मी नावेची कड धरून ऐकत राहिले. कावळा पिंडाला शिवेना. झाडावर बसून राहिला. भटजी म्हणाले, गेलेल्याचा जीव कशात तरी अडकला आहे, काय असेल ते बोला. तुम्ही म्हणालात, तुन्हं शेत तुन्हा नावनंच ठेवसू. कावळा हलला नाही. तुन्ही बायकोले सांभाळसू. तरी नाही. शेवटी तुम्ही वाळूत डोकं टेकवलंत आणि ओरडलात, "भीमा, तुन्हा जोडा मीच उचला रे! माले माफ कर!"

तेव्हा कावळा उतरला म्हणे.

उखाला वाटलं, दोघा भावांची जोड्यावरून काही भांडाभांडी झाली असेल. त्याला आपली रीत काय ठाऊक? त्या वाक्याचा अर्थ कळणारं माणूस अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याच्या नावेत बसलं होतं.

तुम्ही तो जोडा तापीत फेकलात. उखाने तो खाली वळणावर वल्ह्याने ओढून काढला, कारण चामडं चांगलं होतं. पण मेलेल्याचा जोडा त्याची बायको घरात घेऊ देईना. तेव्हापासून तो गोठ्याच्या आढ्याला टांगलेला होता. आता माझ्याकडे आहे. चिंधीचा रंग गेला आहे, पण टाका माझा आहे. डाव्या टाचेला मी बाभळीच्या गोंदाने लावलेला तुकडाही आहे. तुमचा भाऊ तो पाय घासत चालायचा, आठवतं?

पत्राच्या सुरुवातीला 'दादा' लिहिलं ती सवय. पुढच्या वेळेस बघू.

वत्सला


राणीपूर
रविवार, ता. २१ फेब्रुवारी १९६५

नवलसिंगदादा,

जेठाचं, थोरल्या दिराचं, नाव घ्यायचं नसतं. घेतलं. जीभ झडली नाही.

घाटाच्या पायथ्याला आलो आहोत. भिला फार तोंडाळ माणूस आहे. त्याची बोली पावरी, पण माझ्याशी मोडक्यातोडक्या अहिराणीत बोलतो. मी धापा टाकत थांबले की म्हणतो, "बाई, तू चालस का मुहूर्त देखस?" प्रत्येक नाल्यावर त्याला विडी लागते आणि प्रत्येक विडीला एक गोष्ट. त्याची एकही गोष्ट खरी नसावी, पण वाट बरी कटते.

तुमचं पत्र म्हसावदहून फिरून काल इथे मिळालं. अक्षर रंजनाचं, वाक्यं तुमची. तुम्ही लिहवून घेतलं आहे की त्या सकाळी गडावर नदीकाठच्या शेतावरून तुम्हा दोघांची बाचाबाची झाली, ती सगळ्यांनी ऐकली. दुपारी पडक्या तटावर तुम्ही दोघंच होतात. त्याच्या पायाखालचा दगड निसटला. तुम्ही वाकून पाहिलंत तर तो हलत नव्हता, जागेवरच गेला होता. लोक म्हणतील यानेच ढकललं, या भीतीने तुम्ही गप्प उतरलात, सगळ्यांच्या आधी खाली पोचलात आणि जोडा झोळीत प्रसादाखाली लपवलात. आणि शेवटी, 'झालं ते झालं. घरी ये. तुझी खोली रिकामी करून देतो.'

खोटं कशाला बोलू, पत्र वाचून मी थोडी मऊ झाले. भित्रा माणूस आहे, म्हटलं, खुनी नाही. चुलीवर भाकरी करपेपर्यंत तुमची कीवसुद्धा केली.

मग करपलेला वास आला आणि भानावर आले. तुम्ही काय केलंत ते तुम्हाला अजून समजलेलं नाही, म्हणून समजावते, मास्तरीण आहे ना. तुम्ही खाली येऊन म्हणाला असतात की भाऊ पडला, गेला, तर मी विधवा झाले असते. रडले असते आणि उरलेलं आयुष्य त्याची आठवण काढत बसले असते. तुम्ही सांगितलंत तो दुसरीकडे नांदतो आहे. मग मी काय केलं असेल? अकरा वर्षं रोज सकाळी कुंकू लावताना मी त्याला शिव्या घातल्या. त्याचे हातपाय गळून पडोत म्हटलं. तो कुत्र्यासारखा एकटा मरो म्हटलं. माझ्यावर ज्याने जीव टाकला, तापीला पूर असताना माझ्यासाठी जो शहाद्याहून औषध घेऊन आला, त्या माणसाला तुम्ही माझ्या तोंडून शिव्या घालून घेतल्या. आणि तो बिचारा वर दगडांत पडलेला.

ही माझी तक्रार आहे. खोली तुमच्याकडेच ठेवा. कांदे भरा.

उद्या पहाटे घाट चढायला लागतो. जोडा पिशवीत आहे.

वत्सला


तोरणमाळ
मंगळवार, ता. २३ फेब्रुवारी १९६५

नवलसिंग,

'दादा' आता कुणाच्याही नावापुढे लावणार नाही. का ते वाचा. रंजना, इथून पुढे तुझा आवाज अडखळेल, तर पाणी पी आणि पुन्हा सुरू कर. गाळू मात्र नकोस.

काल घाटातच मुक्काम पडला. आज दुपारी वर पोचलो. वर एवढं मोठं तळं असेल असं वाटलं नव्हतं. हवा गार. मीही माझा जोडा पिशवीत घालून अनवाणी चढले, पायांना फोड आले आहेत. भिला म्हणाला, "जोडा पिशवीमा आनि फोड पायले. तुम्हनं गावच येडं शे."

मग तो मला जुन्या गडाकडे घेऊन गेला. तट अर्धा उभा, अर्धा ढासळलेला. प्रचंड दगड एकमेकांत असे बसवले आहेत की मध्ये सुरी जाणार नाही. एक दरवाजा आहे, त्याला दार नाही. पाण्याचं एक टाकं, त्यात आता करवंदीची जाळी. कोणी बांधलं विचारलं तर भिला म्हणाला, "राक्षसनी. मना आज्याना वळखना व्हता." मी हसले. माझ्या हसण्याचा आवाज त्या दगडांवरून परत आला. तिथे हळू बोललेलंही परत येतं. हे लक्षात ठेवा.

तटाच्या खाली, उताराला, एक उभा दगड पुरलेला आहे. शेंदूर नाही, नाव नाही. मी विचारलं, हा राक्षसांनीच का? त्यावर भिलाने पहिल्यांदा विडी विझवली.

"नही बाई. हाऊ जत्राना मानूस शे."

त्याने मला आपल्या आईकडे नेलं. म्हातारी आंधळी झाली आहे, पण ती सगळं सांगते आणि भिला मधे मधे मला समजावतो. अकरा वर्षांपूर्वीची शिवरात्र. जत्रा उतरली, त्या संध्याकाळी तटाकडून हाका ऐकू येत होत्या. जत्रेत रात्रंदिवस लोक देवाच्या नावाने ओरडत असतात. तिला वाटलं, कोणी भगत मागे राहिला आहे, देवाला आळवतो आहे. दुसऱ्या दिवशीही तेच. ती म्हणाली, बिचाऱ्याची भक्ती मोठी. तिसऱ्या दिवशी आवाज बसला आणि तिला चैन पडेना. तिने माणसं पाठवली. तो नुकताच गेला होता. मांडी मोडलेली. सरपटत तटापर्यंत आला होता आणि तटाला पाठ लावून घाटाच्या दिशेला तोंड करून बसला होता.

मी विचारलं, तो काय ओरडत होता? देवाचं कुठलं नाव?

 म्हातारीने तोंडापाशी हात धरून तशीच हाक मारून दाखवली.

"दादा! ओ दादा!"

भिलाला पुढे काही समजावून द्यावं लागलं नाही.

तर तो जागेवर गेला नव्हता, नवलसिंग. तुम्ही नीट पाहिलंच नाहीत. खाली उतरून पाहायला हवं होतं, अंगावर हात ठेवायला हवा होता. किंवा निदान जोडा तिथेच राहू द्यायचा. जोडा राहिला असता तर रीतीप्रमाणे कोणीतरी हाक मारली असती, गाव अनवाणी उभं राहिलं असतं, चार जण वर चढले असते, आणि दुसऱ्या सकाळपर्यंत तो डोलीतून खाली आला असता. लंगडत का होईना, माझ्या दारात आला असता. तुम्ही त्याला ढकललं की नाही ते तुम्ही जाणा. पण मारलंत ते खाली, आंब्याखाली, जोडा उचलून.

आणि तो शेवटपर्यंत तुम्हालाच हाका मारत होता. मला नाही. एकदाही वत्सला म्हणाला नाही. दादा येईल, मोरक्या आहे, जोडा मोजेल, असा त्याला भरवसा होता. याचा मला इतका राग आला आहे की टाकाचं टोक कागदातून आरपार गेलं आहे, बघा.

या लोकांनी त्याला पुरला. त्यांच्या पद्धतीने दगड उभा केला, कोंबडं कापलं. भिला म्हणतो, "आमी वाट देखी ऱ्हायनू. मानूस मरी गया, आनि तुम्हना कोनी इचाराले बी उना नही." पुढच्या शिवरात्रीला तुम्ही काठी घेऊन त्याच दगडावरून गेलात. त्याच्या पुढच्याही. दहा वेळा गेलात.

मी आज त्या दगडापाशी बसून त्याला सांगितलं की त्या शिव्या माझ्या नव्हत्या, माझ्या तोंडात घातलेल्या होत्या. त्याने ऐकलं असेल तर ऐकलं असेल. कपाळाचं कुंकू तळ्यात धुतलं. रडू आलं, पोटभर आलं.

बांगड्या ठेवल्या आहेत. त्या फोडायला सासरचं माणूस लागतं.

वत्सला


(उघडं कार्ड)

तोरणमाळ
गुरुवार, ता. २५ फेब्रुवारी १९६५

नवलसिंग,

हे कार्ड मुद्दाम उघडं पाठवते आहे. पोस्टमन वाचेल, पारावर वाचलं जाईल, मग तुमच्या घरी येईल. रंजनाला त्रास नको.

गावकऱ्यांनो, शिवरात्रीला या. दरवर्षीसारखे जोडे आंब्याखाली काढा. त्या ढिगात दोन जोड आधीच ठेवलेले असतील. भिला आज खाली जाऊन ठेवतो आहे. एक माझा. दुसरा भीमसिंग यांचा, अकरा वर्षांपूर्वीचा. दोन्हींना माझ्या लुगड्याची एकच चिंधी बांधली आहे. कोणी हात लावू नये.

नवलसिंग, तुम्ही आला नाहीत, तर का आला नाहीत ते गावाला हे कार्ड वाचून कळेल. आलात, तर दर्शन घ्या, उतरा. सगळे आपापला जोडा घालतील. दोन उरतील. तेवढी रीत मोडू नका. गाव अनवाणी उभं असेल. काठी हातात घ्या, डोंगराकडे तोंड करा आणि आधी भावाच्या नावाने हाक मारा, मग माझ्या.

मी वर तटाला पाठ लावून बसलेली असेन, त्याच्याच जागी. या वेळी हाक तुम्ही मारायची. ओ द्यायची की नाही, ते मी ऐकून ठरवीन.

वत्सला भीमसिंग